बिघाड असलेला जुना फिल्म कॅमेरा घ्यावा का? पैसे देण्याआधी काय काय बघायचं

"शटर चालतंय, मीटर बंद आहे, बाकी ओके." किंवा मग "अनटेस्टेड, आजोबांचा कॅमेरा आहे, मला यातलं काही कळत नाही." सेकंडहँड फिल्म कॅमेरा शोधायला लागलात की अशा जाहिराती दिसणारच, आणि चालू कॅमेऱ्याच्या निम्म्याहून कमी किंमत बघितली की हात शिवशिवतात. यातले काही सौदे खरंच भारी असतात, बरेचसे नसतात. फरक ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही, बिघाड नेमका कुठे आहे आणि तो फोटोपर्यंत पोचतो का एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या बिघाडाला नाव आहे तो कॅमेरा घ्यायचा विचार करा, ज्याला नाव नाही तो सोडा. "सील गेलेत", "मीटर एक स्टॉप चुकतो", "एक सेकंदाचा स्पीड अडकतो" ही नावं झाली, यांचा खर्च काढता येतो (सील म्हणजे झाकणाच्या कडेने उजेड आत शिरू न देणारा फोम, मीटर म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याएवढा फरक). "अनटेस्टेड" हे नाव नाही. बॅटरी टाकून बटण दाबायला दोन मिनिटं लागतात, आणि कॅमेरा विकायला काढलेला माणूस ती दोन मिनिटं काढत नाही यावर माझा तरी विश्वास बसत नाही. तेव्हा अनटेस्टेड म्हणजे बंद असं धरूनच भाव करायचा, चालू निघाला तर नशीब.

आधी हिशोब, मग कॅमेरा

कॅमेरा हातात घ्यायच्या आधी कागदावर चार आकडे लिहा. तोच मॉडेल पूर्ण चालू, तपासलेला आणि परत करायची सोय असलेला केवढ्याला जातो (जाहिरातीत मागितलेली किंमत नाही, प्रत्यक्षात विकला गेलेला भाव बघा, मागायला काय कोणीही काहीही मागतं). मग हा बिघडलेला केवढ्याला मिळतोय, रिपेअरला अंदाजे किती लागतील, आणि टेस्ट करायला एक रोल अधिक तो धुऊन स्कॅन करायचा खर्च. शेवटच्या तिघांची बेरीज पहिल्या आकड्याच्या जवळपास येत असेल तर विषय संपला, चालूच घ्या. बेरीज बरीच कमी असेल तरच पुढे जायचं, कारण कॅमेरा उघडल्यावर दुसरं काहीतरी निघण्याची शक्यता असतेच आणि ती रिस्क तुम्ही घेताय, सेलर नाही.

रिपेअरचा आकडा मनाने लिहू नका. कॅमेरा घ्यायच्या आधी रिपेअरवाला शोधा, त्याला मॉडेल आणि लक्षण सांगा आणि दोनच प्रश्न विचारा, हा मॉडेल तुम्ही उघडता का आणि पार्ट मिळतात का. पुष्कळ जुने रिपेअरवाले ठराविक कंपन्यांचेच कॅमेरे घेतात. "घेऊन या, बघू" हे उत्तर आलं तर ते "हो" नव्हे असं समजा. हे काम लोक उलट्या क्रमाने करतात, आधी कॅमेरा घेतात आणि मग कोण दुरुस्त करेल ते शोधत फिरतात, आणि मग नाकापेक्षा मोती जड होतो.

मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक, हे मॉडेलच्या नावावरूनच बघून घ्या

अर्धा निर्णय इथेच होतो. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता), निकॉन एफएम आणि एफएम२, ऑलिंपस ओएम-१, मिनोल्टा एसआरटी-१०१ या कॅमेऱ्यांचं शटर स्प्रिंग आणि गिअरवर चालतं, बॅटरी फक्त मीटरला. यात मीटर मेला तरी कॅमेरा जिवंत असतो, फोनवर लाइट मीटरचं ॲप टाका किंवा सनी सिक्स्टीन वापरा, म्हणजे कडक उन्हात ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओच्या (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) जवळपास, आयएसओ २०० ची फिल्म असेल तर १/२५०. नवशिक्याला मीटर बंद असलेला मेकॅनिकल कॅमेरा हा माझ्या मते सगळ्यात चांगला बिघडलेला कॅमेरा आहे, किंमत पडते आणि फोटो तसेच येतात.

याउलट कॅनन एई-१ (१९७६), मिनोल्टा एक्स-७००, पेंटॅक्स एमई सुपर यांचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सर्किट गेलं की एक तर तसाच दुसरा मेलेला कॅमेरा आणून त्यातून पार्ट काढायचा नाहीतर शोपीस. तरी यातही नावाजलेले बिघाड असतात. एक्स-७०० मध्ये कपॅसिटर जातो, मग दिवे लागतात पण बटण दाबल्यावर काही होत नाही आणि फिल्म ओढायचा लीव्हरही पुढे जात नाही. हे लक्षण तंतोतंत जुळत असेल तर पार्ट अगदी किरकोळ आहे, सोल्डरिंग येणारा माणूस पाहिजे. एई-१ आणि त्या घराण्यातल्या बाकी कॅमेऱ्यांमध्ये शटर मारताना घशातून खोकल्यासारखा चिरका आवाज येतो, आतल्या आरशाच्या यंत्रणेतलं तेल सुकल्यामुळे. फोटो लगेच बिघडत नाहीत पण काम काढावं लागतं, तेव्हा भाव पाडायला उत्तम मुद्दा.

तिसरा प्रकार म्हणजे खिशातले ऑटोफोकस कॉम्पॅक्ट, कॉन्टॅक्स टी२, ऑलिंपस म्यू-२ वगैरे. यांच्या किमती आधीच अव्वाच्या सव्वा झाल्यात, आत सगळं फ्लेक्स केबल आणि चिप, नवे पार्ट येत नाहीत. यात बिघाड असलेला पीस घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी. "फ्लॅश चालत नाही बाकी मस्त" असं लिहिलेलं असलं तरी नको. आणि स्वतः उघडून बघण्याचा तर विचारही नको, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये साधारण ३०० व्होल्ट असतात आणि बॅटरी काढल्यावरही बराच वेळ तो चार्ज तसाच राहतो, जोरदार शॉक बसतो.

नव्वदीतले ऑटोफोकस एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलंच दृश्य दाखवणारे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे), म्हणजे प्लॅस्टिक बॉडीवाले, त्यांचा हिशोब एकदम सोपा आहे. चालूच इतके स्वस्त मिळतात की बिघडलेला घ्यायचं कारणच नाही.

बिघाड म्हणतायत तो बिघाडच आहे का

इथे खरा फायदा असतो. बरेच "डेड" कॅमेरे डेड नसतात, वापरणाऱ्याला माहीत नसतं एवढंच.

एई-१ मध्ये ६ व्होल्टची बॅटरी लागते, ती नसेल तर शटर पडतच नाही आणि लीव्हरही अडकल्यासारखा वाटतो. निकॉन एफएम, एफई, एफएम२ मध्ये फिल्म पुढे न्यायचा लीव्हर बॉडीला चिकटलेला असेल तर बटण लॉक असतं, तो थोडा बाहेर ओढला की कॅमेरा जागा होतो, आणि कितीतरी लोक "शटर जॅम" म्हणून विकून टाकतात. एमई सुपरचा आरसा वर अडकलाय असं वाटलं तर डायल १२५एक्सवर नेऊन बघा, निकॉन एफई असेल तर एम९० वर, हे दोन्ही स्पीड बॅटरीशिवाय चालतात. के१००० ला मीटरचा स्विचच नाही, लेन्सवर झाकण लावणं हाच स्विच, त्यामुळे झाकण न लावता कपाटात ठेवलेल्या के१००० चा मीटर बंद असला तर आधी नवीन एलआर४४ टाकून बघा, मग काय ते बोला. ऑलिंपस ट्रिप ३५ अंधारात शटर मारतच नाही, आत लाल झेंडी दाखवतो, तो बिघाड नाही, त्याला तसंच बनवलंय.

अजून एक. साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे मीटर १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर चालायचे, ते सेल आता बनत नाहीत. लोक त्यात १.५ व्होल्टचा साधा अल्कलाइन सेल टाकतात आणि मग "मीटर चुकतो" म्हणतात. चुकणारच. कानाच्या मशीनमध्ये घालतात तो झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास देतो, तो टाकला की यातले बरेच मीटर ताळ्यावर येतात.

म्हणून कॅमेरा बघायला जाताना त्या मॉडेलची बॅटरी स्वतः विकत घेऊन न्या, आणि मॅन्युअल आधी वाचून जा, जवळपास सगळ्या प्रसिद्ध कॅमेऱ्यांची मॅन्युअल नेटवर आहेत.

हातात आल्यावर, याच क्रमाने

सोबत छोटा टॉर्च, बॅटरी आणि फोन. आणि एक नियम सगळ्यांना लागू, कुठेही जोर लावायचा नाही. जे सहज फिरत नाही ते फिरवू नका, तुमच्या हातात मोडलं तर ते तुमचंच झालं.

पहिलं बॅटरीचं झाकण. झाकण उघडतच नसेल तर आत सेल फुटून चिकटलाय असं समजा. पांढरी किंवा हिरवट पावडर थोडीशी असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या काडीने निघते, पण पट्टी खाऊन गेलेली असेल किंवा हिरवा रंग वायरीतून आत गेलेला दिसत असेल तर नको.

मग मागचं झाकण उघडा (आधी विचारा आत रोल आहे का, हसू नका, असतो कधीकधी). झाकणाच्या खाचेत आणि बिजागरीपाशी काळा फोम दिसेल, तो बोटाने हळूच दाबा. बोट डांबरासारखं काळं चिकट झालं तर सील गेले. सत्तर-ऐंशीतल्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्याचे जातात, हा बिघाड कमी आणि वय जास्त आहे. जुना फोम लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडायचा आणि नवीन पट्ट्या कापून चिकटवायच्या, घरी एका संध्याकाळी होतं, त्या मॉडेलचे कापलेले सेटही मिळतात. सेलर "सील खराब आहेत" म्हणून भाव कमी करत असेल तर खुशाल घ्या. फक्त आरशाच्या वरच्या बाजूला जो फोम असतो त्याचे कण आरशावर किंवा वरच्या काचेवर पडलेत का बघा, आणि पडले असतील तर फुंकणीने उडवा, बोट किंवा कापड लावू नका, आरशाचा चकाकता थर वरच्या बाजूलाच असतो आणि पुसताना निघून येतो.

आता शटर, आणि इथे घाई करू नका कारण कॅमेऱ्यातला सगळ्यात महाग अवयव हाच आहे. झाकण उघडं ठेवूनच पडदा बघा. कापडी पडदा असेल तर सुरकुत्या, कडक झालेला रबर, आणि समोरून टॉर्च मारून मागून बघताना सुईएवढी भोकं. झोर्की, फेड असे रेंजफाइंडर (लेन्समधून न बघता वेगळ्या छोट्या खिडकीतून बघून फोकस करायचे कॅमेरे) असतील तर भोकं हमखास शोधा, त्यांना आरसा नसतो त्यामुळे लेन्समधून ऊन थेट पडद्यावर पडून भोक जळू शकतं. (याच सोव्हिएत कॅमेऱ्यांत स्पीडची डायल लीव्हर किंवा नॉब फिरवून झाल्यावरच बदलायची, आधी बदलली तर आतलं तुटू शकतं, सेलरला माहीत नसेल तर तो तुमच्यासमोर तेच करेल.) धातूच्या पात्यांचं शटर असेल तर पाती सरळ आहेत का, एखादं वाकलेलं नाही ना, तेलाचे डाग नाहीत ना. कॅननच्या जुन्या ईओएस ६०० वगैरे बॉड्यांमध्ये आतला एक रबरी भाग वितळून पात्यांवर काळे चिकट ठिपके येतात, ते पुसले तरी रबर आतच असल्यामुळे पुन्हा येतात.

मग स्पीड. डायल एक सेकंदावर ठेवा, लीव्हर ओढा, बटण दाबा आणि ऐका. मेकॅनिकल कॅमेऱ्यात खट्, मग बारीक घर्रर्र असा गिअरचा आवाज, मग खट्. तो घर्रर्र एकसारखा पाहिजे. मध्येच दमला, थांबला, किंवा शटर उघडंच राहिलं आणि कॅमेरा हलवल्यावर बंद झालं तर आतलं ग्रीस सुकलंय. मग अर्धा सेकंद, पाव, एक अष्टमांश करत वर या, प्रत्येक पायरीला आवाज निम्म्या वेळात संपतोय असं कानाला कळलं पाहिजे. मोजूनच बघायचं असेल तर फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ लेन्स काढलेल्या कॅमेऱ्याच्या मागून काढा आणि शटर किती फ्रेम उघडं दिसतं ते मोजा, १/३० ला साधारण ८ फ्रेम, १/६० ला ४. त्याच्या वरचे स्पीड फोनने नीट मोजता येत नाहीत, ते डोळ्याने. कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरा, मागून बघत १/१००० ला बऱ्याचदा मारा, पूर्ण चौकोन एकसारखा लकाकला पाहिजे. एक बाजू काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय, आणि फोटोत ती बाजू काळीच येणार.

यातलं किती चालवून घ्यायचं? हळू स्पीड अडकणं मी चालवून घेईन, कारण दिवसाउजेडी फोटो काढणारा माणूस एक सेकंद कधी वापरतो? भाव पाडा आणि घ्या, पुढे कधी सर्व्हिस करून घ्या. वरचे स्पीड बिघडलेत तर नको, रोजचा वापर तिथेच आहे. थोडाफार फरक मात्र सोडून द्या, १/१००० च्या जागी प्रत्यक्षात १/७०० असेल तर तो अर्ध्या स्टॉपचा फरक झाला, कलर निगेटिव्हला त्याचं काही वाटत नाही. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट खऱ्या रंगातला फोटो येतो) वापरणार असाल तर वाटेल, पण पहिल्या कॅमेऱ्यात स्लाइड फिल्म घालू नका म्हणजे झालं.

सेल्फ टायमर सरळ विसरा. जुन्या कॅमेऱ्यात तो अडकला की कधीकधी शटरही घेऊन बसतो. टेस्ट नाही केला तरी काही बिघडत नाही.

लीव्हर पूर्ण ओढला जातो का, बटण दाबल्यावर पुढचा फोटो घेता येतो का, झाकण उघडल्यावर काउंटर शून्यावर येतो का हे बघत बघतच होऊन जातं. सेलरकडे जुना वाया गेलेला रोल असेल तर भरून बघा, फिल्म ओढताना रिवाइंडचा नॉब फिरला पाहिजे.

मीटर बघायला फोनवरच्या ॲपशी तुलना करा, एकदा उजेडाच्या भिंतीवर आणि एकदा सावलीत. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर आयएसओची डायल तेवढी पुढेमागे करून काम भागतं. काटा उड्या मारत असेल किंवा कुठेही एकाच जागी बसून राहत असेल तर मीटर बंद आहे असंच धरा. ट्रिप ३५ सारख्या सेलेनियम मीटरवाल्याला (उजेडापासून स्वतःच वीज बनवणारा मीटर) बॅटरी नसते, उजेडात झेंडी न येता शटर पडलं पाहिजे आणि लेन्स हाताने झाकल्यावर झेंडी आली पाहिजे. उजेडातही झेंडी येत असेल तर बहुतेक सेलेनियमच संपलंय, आणि नवीन कुठून आणणार.

लेन्स

इथे एक गोष्ट लोक विसरतात. एसएलआरची लेन्स खराब असेल तर तो कॅमेऱ्याचा बिघाड नाहीच, लेन्स बदलता येते. साध्या ५० एमएम लेन्स चिकार मिळतात. पण रेंजफाइंडर किंवा कॉम्पॅक्टची लेन्स बॉडीलाच जोडलेली असते, तिथे लेन्स गेली म्हणजे कॅमेरा गेला. त्यामुळे तिथे दुप्पट बारकाईने बघा.

ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि समोरून थोडं तिरकं बघा. धूळ दिसणारच, प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, टॉर्चमध्ये तर नवी लेन्ससुद्धा घाणेरडी दिसते, घाबरू नका. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे कडेकडून आत येत असतील तर ती बुरशी. कडेला थोडीशी असेल तर फोटोत कळणार नाही, पण ती साफ केल्याशिवाय कळत नाही की खालचं कोटिंग शाबूत आहे की खाल्लंय, म्हणजे हा नाव असलेला पण खर्च न कळणारा बिघाड झाला, भाव त्या मानाने करा. सगळ्या काचेवर एकसारखं धुकं असेल तर फोटो फिके येतात, विशेषतः समोर ऊन असताना. कडेला पाण्यावर तेल पसरल्यासारखे रंग दिसले तर दोन काचांमधला गोंद सुटलाय, ते काम कोणी हातात घेत नाही. समोरच्या काचेवर एखादा ओरखडा असला तर सोडून द्या, मागच्या काचेवरचा मात्र सोडू नका. आणि काच पिवळसर दिसली तर लगेच नाकारू नका, पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५०एमएम एफ/१.४ सारख्या काही जुन्या लेन्समध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षं पिवळी होत जाते आणि यूव्ही लाइटखाली ठेवली की बरीचशी निवळते.

ॲपर्चरची पाती तेलकट आहेत का बघायला मागची छोटी दांडी हलवा, पाती चटकन बंद-उघड झाली पाहिजेत. आळसावलेली पाती म्हणजे जास्त उजेड, म्हणजे ओव्हरएक्स्पोज. लेन्समध्येच शटर असलेल्या कॅमेऱ्यांत, कॅनोनेट वगैरेंमध्ये, तेलाने पातीच चिकटून बसतात आणि कॅमेरा मेल्यासारखा वाटतो, हे साफ करून सुटतं पण जाणकाराकडूनच. कोणी म्हणालं की गंज काढायचा स्प्रे मारून बघ तर ऐकू नका, तो शटरमध्ये मारला की आज सुटलेलं उद्या आणखी घट्ट बसतं.

व्ह्यूफाइंडरमधली (डोळा लावून बघायच्या खिडकीतली) धूळ, काळे ठिपके, प्रिझमवरची (त्याच्या आतल्या काचेच्या ठोकळ्यावरची) काळी रेघ हे फोटोत येत नाही. ओएम-१ मध्ये प्रिझमवरचा फोम कुजून चांदीचा थर खातो आणि आत डाग दिसतात, बघायला वाईट, फोटोला काही फरक नाही. असे कॅमेरे निव्वळ "आत घाण दिसते" म्हणून स्वस्तात जातात, घ्या. रेंजफाइंडरमध्ये मात्र मधला चौकोन दिसतो का आणि दूरच्या वस्तूवर दोन्ही प्रतिमा जुळतात का ते बघा, आडवा फरक ॲडजस्ट होतो, चौकोनच दिसत नसेल तर आतल्या आरशाचा थर गेलेला असतो.

भात्याचे फोल्डिंग कॅमेरे असतील तर अंधाऱ्या खोलीत भाता पूर्ण उघडून आत टॉर्च ठेवा, कोपऱ्यांत तारे चमकले की भोकं.

हातात घेऊन बघता येत नसेल तर

सेलरकडून फोटो नाही, व्हिडिओ मागा. मागचं झाकण उघडं, लेन्स काढलेली, एक सेकंद आणि १/१००० दोन्ही मारताना, आवाजासकट. बॅटरीच्या खणाचा फोटो, लेन्समधून टॉर्चचा फोटो, सीलचा जवळून फोटो. हे मागितल्यावर माणूस चिडला तर उत्तर मिळालं. "सीएलए केलेला" म्हणजे उघडून साफसफाई, तेलपाणी, ॲडजस्टमेंट केलेली असं लिहिलं असेल तर कधी आणि कोणाकडून ते विचारा, कॅमेरा बाहेरून पुसला म्हणजे सीएलए नव्हे. आणि "फिल्म टेस्टेड" असेल तर त्या रोलचे फोटो दाखवायला काय हरकत आहे? परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधीच लेखी घ्या, त्या मुदतीत रोल काढून धुऊन यायला पाहिजे.

दोन बिघाड एकत्र असतील, समजा सीलही गेलेत आणि मीटरही बंद, तर चालतं कारण दोन्ही स्वतंत्र आहेत. पण लीव्हर अडकतो आणि शटरही कधी पडतं कधी नाही, असं "कधी कधी" वालं काही असेल तर हात लावू नका. कायम बंद असलेली गोष्ट रिपेअरवाल्याला सापडते, अधूनमधून होणारी त्याच्या टेबलावर होतच नाही. पाण्यात पडलेला, वाळू गेलेला, किंवा आधी कोणीतरी उघडून स्क्रू चावलेले दिसत असलेला कॅमेरा पण नको. स्क्रूच्या खाचा नक्की बघा, खरवडलेल्या असतील तर आत कोणीतरी शिकत होतं.

घेतल्यावर पहिला रोल

पहिला रोल लग्नाला किंवा ट्रिपला नेऊ नका. साधा स्वस्त कलर निगेटिव्ह, २४ चा पुरतो, आणि प्रत्येक फोटोचा स्पीड-ॲपर्चर फोनमध्ये लिहून ठेवा. एकाच भिंतीचे एकाच उजेडात चार फोटो काढा, १/१००० एफ/५.६, १/५०० एफ/८, १/२५० एफ/११, १/१२५ एफ/१६, चौघांतही उजेड तेवढाच जातो त्यामुळे निगेटिव्हवर चारही सारखे दाट दिसले पाहिजेत. एक फोटो दूरच्या झाडाचा किंवा इमारतीचा ॲपर्चर पूर्ण उघडून, एक तिरक्या ठेवलेल्या वर्तमानपत्राचा, ठराविक ओळीवर फोकस करून. रोलच्या मध्यावर, दोन फोटोंच्या मधे, लेन्सवर झाकण लावून कॅमेरा थोडा वेळ उन्हात ठेवा आणि बाजू बदलत राहा, सीलमधून उजेड शिरत असेल तर तिथेच पकडला जाईल.

रोल धुवायला देताना निगेटिव्ह परत पाहिजे असं सांगा, नुसत्या स्कॅनवर सगळं कळत नाही, स्कॅनवाला उजेड सारखा करून देतो. लाल-केशरी पट्टा फ्रेमच्या बाहेर भोकांच्या पट्टीपर्यंत गेलेला असेल तर तो सीलचा, मागून आलेला उजेड. फ्रेमच्या आतच राहत असेल तर शटर किंवा लेन्सच्या बाजूचा. प्रत्येक फोटोत त्याच जागी उजळ ठिपका असेल तर पडद्याला भोक आहे. फक्त वेगवान स्पीडचे फोटो एका बाजूला काळे असतील तर तेच ते मघाशी सांगितलेलं पडद्याचं दुखणं, आणि फ्रेम एकमेकींवर चढल्या असतील तर फिल्म ओढण्याचं. परतीची मुदत शिल्लक असेल तर निगेटिव्हचा उजेडासमोर धरून फोटो काढा आणि तोच सेलरला पाठवा, मुदत संपली असेल तर तोच रिपेअरवाल्याला दाखवा, सोबत फोनमधली स्पीडची यादी पण द्या, त्याला कॅमेरा उघडायच्या आधीच कुठे बघायचं ते कळतं.